पोळ्याचा चालता बैल : काम कुठवर आलं

यंदाच्या पोळ्याला मातीच्या जोडीशेजारी पायांनी चालणारा एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीचा) बैल उभा करायचा, ते काम आता फ्रीकॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर मापात आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आलंय. आवृत्ती 1.0. सुटे भाग जोडून बघायची असेंब्ली अजून उघडलेली नाही, सगळं स्केचरमध्येच, म्हणजे सपाट रेखाकृतीतच चाललंय. मेकॅनिझम चालतंय की अडतंय याचा निकाल बराचसा तिथेच लागतो, असं माझं मत आहे. तात्या परवा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "बैल कुठंय ह्यात? नुसत्या काड्या हलायल्यात." हलायल्यात हेच तर पाहिजे होतं.

पायासाठी रशियन गणितज्ञ चेबिशेवची लॅम्ब्डा जोडणी घेतली, गोल फिरण्यातून जवळजवळ सरळ चाल काढणारी. डच कलाकार थिओ यान्सनच्या चालत्या सांगाड्यांचा पाय देखणा खरा, पण त्याला मापं तेरा. इथे चारच: क्रँक (गोल फिरणारी दांडी) 1, दोन स्थिर पिव्होटमधलं (दांड्या ज्यांभोवती फिरतात त्या खिळ्यांमधलं) अंतर 2, रॉकर (मागेपुढे झुलणारी दांडी) 2.5 आणि कपलर (दोघींना जोडणारी दांडी) 5, त्याच्या बरोबर मध्यावर रॉकर जोडलेला. मी क्रँक 20 मिमी धरला, मग बाकीची मापं 40, 50 आणि 100.

स्केच असं: क्रँकचा पिव्होट ओ ओरिजिनवर, रॉकरचा पिव्होट बी आडव्या अक्षावर 40 वर. ओ-ए ही क्रँकची रेघ, ए-पी हा कपलर, बी-सी रॉकर. सी मध्यावर आणायला 50-50 ची दोन मापं देऊ नका. सी बिंदूला ए आणि पी यांच्यामध्ये सिमेट्रिक (बरोबर मधे राहण्याचं बंधन) लावा, एका फटक्यात दोन्ही सुटेपणं जातात. आता मोजा. ए, सी, पी या तीन बिंदूंचे सहा अज्ञात. क्रँकच्या लांबीने एक गेला, कपलरच्या लांबीने एक, सिमेट्रिकने दोन, रॉकरने एक. उरला एक. सॉल्व्हरही (मापं सोडवणारा फ्रीकॅडचा भाग) एकच डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे एकच सुटेपण दाखवतो, आणि दांड्या नि सांधे मोजून सुटेपण काढायच्या ग्रुबलरच्या सूत्राने 3(4−1)−2×4 केलं तरी तेच येतं.

ही एक डिग्री मारून स्केच हिरवं (पूर्ण बांधलेलं) करायची सवय हाताला असते. पार्टच्या स्केचला ती चांगली, इथे नको. मेकॅनिझमच्या स्केचमध्ये तो उरलेला एक म्हणजेच मोटार. माउसने ए ओढला की सगळं फिरतं. मोजमाप करायचं तेव्हाच क्रँकला कोनाचं डायमेन्शन द्यायचं आणि पीची उंची रेफरन्स डायमेन्शन म्हणून ठेवायची, म्हणजे ती आकृतीला बांधत नाही, नुसती वाचता येते. कोन थोडाथोडा बदला. एकदम मोठी उडी मारली तर सॉल्व्हर कधीकधी सीला पलीकडच्या आरशातल्या जागी नेऊन बसवतो, आणि तिथून पी भलत्याच वाटेने जातो.

90, 180 आणि 270 अंशांवर पीची उंची बरोबर 80.00 आली. मधे 128 अंशांच्या आसपास ती 80.2 पर्यंत जाते. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात 80 मिमीची चाल आणि फरक अवघा 0.2 मिमी, एमडीएफमध्ये तो कुणाला दिसणार? उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात पी 98 पर्यंत उचलला जातो. पायांच्या दुसऱ्या जोडीचा क्रँक 180 अंश उलटा बसवला की एक जोडी उचलताना दुसरी टेकलेली असते. आकडे इतके चपखल बसतात की हे 19व्या शतकात हाताने काढलंय यावर विश्वास बसत नाही.

पण एक गोष्ट बघा. ही वाट क्रँकच्या वर आहे, सपाट बाजू खाली आणि कमान वर. जोडणी उलटी टांगली तर कमान जमिनीत घुसेल. म्हणून पी हा खूर नाहीच. चेबिशेवने 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात जे चालतं यंत्र मांडलं, त्यात पाय वरच्या टोकांना टांगून खाली सोडले होते. कर्णातले दोन पाय एका चौकटीत, ती चौकट दोन सारख्या जोडण्यांच्या पीवर. चौकट तिरपी होत नाही, त्यामुळे खूर पीचीच वाट जशीच्या तशी गिरवतो. आपल्याला तर हे सोयीचंच, वरचा सगळा पसारा झुलीखाली झाकता येतो.

खरी मजा इथे आली. दुसरी जोडणी 120 मिमीवर काढली, दोन्ही क्रँक समांतर केले. मग पी ते पी चौकटीची लांबी 120 टाकली की सॉल्व्हर म्हणतो, रिडंडंट, म्हणजे जास्तीचं बंधन. बरोबरच आहे, दोन्ही पीमधलं अंतर आधीच 120 ठरलेलं आहे. माप काढून टाका आणि पुढे जा, असा सल्ला सगळे देतात. मी म्हणतो, आधी थांबून तो संदेश वाचा. स्केचमध्ये जे जास्तीचं आहे तेच एमडीएफमध्ये अडणार आहे. तिथे 120 च्या जागी 120.2 लिहून बघा, लगेच कॉन्फ्लिक्ट, म्हणजे मापं एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत्यक्षात लेझरचा कर्फ (कापताना जळून जाणारी रुंदी), भोकातली ढील आणि गिअरचा खेळ मिळून तेवढा फरक सहज पडतो, आणि मग बैल अडून बसतो. म्हणून चौकटीच्या एका टोकाला गोल भोकाऐवजी आडवी खाच दिली, 3.2 रुंद आणि 4.5 लांब. उभा भार ती घेते, लांबीतला फरक सोडून देते.

पार्टची स्केचेस मात्र शून्यावर, एकही सुटेपण नाही. लिंक 12 मिमी रुंद, टोकं गोल, एम3 (3 मिमीच्या) स्क्रूसाठी भोक 3.2. लांब्या सगळ्या स्प्रेडशीटमधून, क्रँकच्या पटीत. उद्या 20 चे 24 करायचे ठरले तर एकच घर बदलायचं. खाचेचं माप त्यातून मुद्दाम वगळलंय, स्क्रू काही मोठा होणार नाही.

बैलाची बाह्यरेषा देवणी जातीची, त्यातल्या वानेरा प्रकाराची. लोंबते कान आणि फुगीर कपाळ फोटोवरून बी-स्प्लाइनने (मोकळ्या वळणदार रेघेने) काढलं आणि ब्लॉक कन्स्ट्रेंट (आहे तिथेच गोठवणारं बंधन) लावून मोकळा झालो. वशिंडाला डायमेन्शन देण्यात वेळ घालवू नये. मापात बांधली ती फक्त पिव्होटची भोकं.

आता गिअर. दोन्ही क्रँक एकाच दिशेने फिरायला मधे तिसरा गिअर लागतो. कडेचे दोन सारखे असले की मधला कितीही चालतो. मॉड्यूल (दातांचं माप: व्यास भागिले दातांची संख्या) 1, तिन्ही 40 दातांचे घेतले तर कडेच्या दोघांची केंद्रं 80 वर येतात, 60 घेतले तर नेमकी 120 वर. 60 चेच कापायचे ठरतंय. एमडीएफमध्ये मॉड्यूल 1 चे दात टिकतात का, की 1.5 वर जाऊन 40 दात घ्यावेत? केंद्रं तिथेही 120 वरच येतात. कुणी कापून बघितले असतील तर सांगा, लातूरच्या गंजगोलाईतून स्क्रू आणून ठेवलेत, फाईल या आठवड्यात लेझरवाल्याकडे द्यायची आहे.