गावच्या शाळेसाठी मागणे

माण तालुक्यातील आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, अडतीस मुलांचा पट आणि दोन शिक्षक एवढाच तिचा पसारा. मी याच शाळेत शिकलो आणि नोकरीसाठी पुण्याला आलो. सहा वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्याने एका खोलीचे चार पत्रे उडाल्यावर चारही वर्ग एकाच खोलीत बसू लागले, तेव्हा शाळेसाठी मदत गोळा करण्याच्या कामात मी पडलो. त्या वर्षांत जे शिकलो, ते आपल्या गावच्या शाळेसाठी काही करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

माझी पहिली चूक अशी की मी बाहेरून सुरुवात केली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि त्या कामांत शिक्षणाचा समावेश आहे, एवढे मला ठाऊक होते. तेवढ्याच बळावर मी वीस-पंचवीस पत्रे पाठवली. प्रत्येक पत्रात आमची शाळा किती गरीब आहे याचे वर्णन होते. पण नेमके काय हवे, त्याला किती खर्च येईल, काम कोण करून घेईल आणि पुढे ते कोण सांभाळेल, यातले काहीच नव्हते. एका देणगीदाराने मोठ्या मनाने शाळेला मोठा टीव्ही दिला. परंतु खोलीतले वायरिंग जुने होते आणि छत गळत होते, त्यामुळे तो टीव्ही वर्षभर मुख्याध्यापकांच्या कपाटामागे चादरीत गुंडाळून ठेवावा लागला. त्यात देणाऱ्याचा दोष काहीच नव्हता, कारण आम्हीच त्याला आमची गरज नीट सांगितली नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जाऊन बसलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत अशी समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचेच काम आहे. कागदावर आमचाही आराखडा होता. तो मोठ्याने वाचून दाखवल्यावर एक काकू म्हणाल्या, “आम्हाला सहीला बोलावता, पण काय पाहिजे ते कधी इचारलं न्हाई.” मग विचारले. आम्हा पुरुषांच्या यादीत संगणक सगळ्यात वर होता. बायकांच्या यादीत मात्र मुलींच्या स्वच्छतागृहातले पाणी पहिले होते, कारण बांधलेले स्वच्छतागृह पाण्याअभावी कुलूपबंद होते आणि चौथीतल्या मुली मधल्या सुट्टीत घरी गेल्या की पुष्कळदा परत येत नसत. त्या दिवशी यादीचा क्रम बदलला : आधी पाणी, मग छत, मग फरशी, मग वायरिंग, आणि टीव्ही त्यानंतर.

या क्रमाचा मोठा फायदा असा झाला की कोणते काम कोणाकडे मागायचे हे आपोआप ठरत गेले. पाण्यासाठी वर्गणीची गरजच नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के बंधित भाग तेव्हा ग्रामपंचायतीने पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा होता. ग्रामसभेत ठराव झाला आणि टाकी व नळजोडणी त्यातून झाली. समग्र शिक्षा योजनेतून आमच्याएवढ्या पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त अनुदान असते. खडू, वीजबिल, झाडलोटीचे सामान आणि किरकोळ डागडुजी यांतच ते संपते आणि त्यातून छत होत नाही, हे मात्र गावाला आकड्यांनिशी सांगावे लागले. “सरकार पैसे देते, ते कुठे जातात?” हा प्रश्न जोवर लोकांच्या मनात असतो, तोवर कोणी खिशात हात घालत नाही, आणि तो प्रश्न रास्तच असतो.

छतासाठी मात्र लोकवर्गणीच लागणार होती. आमच्या सातारा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले, आणि खेड्यापाड्यांतल्या घरांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंड उभा केला. माझे वडील रयतच्याच शाळेत शिकले. मुष्टिफंडाचे मोल त्या धान्याहून मोठे होते असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण ज्या घरातून मूठभर ज्वारी गेली, त्या घराला ती शाळा आपली वाटू लागली.

आमच्या गावातले निम्मे पुरुष मुंबई आणि नवी मुंबईत, बरेचसे माथाडी कामात आहेत, आणि चैत्रातल्या यात्रेला सगळे गावी येतात. त्या वर्षी समितीने कुस्त्यांच्या मैदानात, जिथे इनामांचा पुकारा होतो, तिथेच शाळेच्या छताचे अंदाजपत्रक वाचून दाखवले : पत्रे किती, लोखंडी कैच्या किती, गवंड्याची मजुरी किती. कोणी दहा पत्र्यांचे पैसे दिले, कोणी एका पत्र्याचे. ज्यांना पैसे देणे शक्य नव्हते, त्यांनी चार दिवस अंगमेहनत केली. कोणत्याही पालकावर सक्ती करायची नाही, आणि कोणी किती दिले यावरून मुलाला वर्गात कधीही काही ऐकवायचे नाही, हे आधीच ठरवले होते. पुढच्या सगळ्या कामांत हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानत आलो आहे. प्रत्येक रुपयाची पावती दिली, पैसे समितीच्या बँक खात्यात ठेवले, आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळा हिशेब उरलेल्या शिलकेसह वाचून दाखवला.

त्यानंतर एका कंपनीकडे पुन्हा पत्र पाठवले. या वेळी त्यासोबत समितीचा ठराव, झालेल्या कामांची छायाचित्रे, हिशेबाची प्रत आणि फक्त फरशी व वायरिंग यांचे अंदाजपत्रक होते. दीड महिन्यात त्यांचा माणूस शाळा पाहून गेला आणि पुढच्या उन्हाळी सुट्टीत काम झाले. टीव्ही आता भिंतीवर आहे.

तरीही काळजी सरलेली नाही. तालुक्याच्या गावातून इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी रोज सकाळी आमच्या वेशीपर्यंत येते आणि दर जूनमध्ये आमच्या पटातली दोन-तीन मुले घेऊन जाते. त्या पालकांना मी दोष देत नाही. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घसरल्याने बंद पडायला आली होती. शिक्षक आणि गाव यांनी मिळून ती उभी केली आणि २०२५ मध्ये तिला जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे पट परत वाढू शकतो यावर माझा विश्वास आहे. मात्र केवळ छताने तो वाढत नाही, मूल तिसरीत अस्खलित वाचू लागले की वाढतो. म्हणून या वर्षीच्या यादीत पहिले नाव पुस्तकांचे आहे. वाचायला बसण्यासाठी शाळेमागच्या लिंबाखाली पार बांधायचा आहे, आणि त्याचे दगड दोन घरांनी आधीच आणून टाकले आहेत.