जिम्नीला नवे रेडियस आर्म निवडताना

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच दोन इंच उचललेली होती. मारुतीची छोटी फोर-बाय-फोर, पाच दरवाज्यांची जिम्नी. आधीच्या मालकाने स्प्रिंग आणि शॉक बदललेले, बाकी सगळं कंपनीचं. मुळशीकडच्या मातीच्या वाटांवर झकास चालायची. एक्स्प्रेसवेवर मात्र वेग वाढला की तरंगायला लागायची, आणि वळण संपलं तरी स्टिअरिंग आपलं आपण सरळ येत नव्हतं.

अलाइनमेंटवाल्याने कागद हातात दिला. "साहेब, कॅस्टर पार गेलाय. ह्यात मी फक्त टो करून देऊ शकतो." कॅस्टर म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात त्याचा मागे असलेला कल; वळणानंतर स्टिअरिंग सरळ येतं ते त्याच्यामुळे. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. बरोबरच होतं त्याचं. जिम्नीला पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल असतो आणि तो दोन रेडियस आर्मनी धरलेला असतो: आर्मचं मागचं टोक चासीला, पुढचं दोन बोल्टांनी ॲक्सलला. चासी वर गेली की आर्म पुढे झुकतो आणि त्याच्याबरोबर अख्खा ॲक्सल पुढे कलतो. तो कल जुळवायची सोय कंपनीने ठेवलेलीच नाही.

उपाय तीन. सगळ्यात स्वस्त म्हणजे मधोमध नसलेल्या छिद्राचे बुश (आर्मच्या टोकांत बोल्टाभोवती बसणाऱ्या लवचिक गाद्या); छिद्र बाजूला असल्याने ॲक्सलचा कल थोडा परत येतो. जुने बुश प्रेसवर काढायचे, नवे खुणेप्रमाणे बसवायचे. पण यातले बरेचसे पॉलियुरेथेनचे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना ॲक्सलचा सगळा पीळ या बुशांनीच सोसायचा असतो. बुश कडक असले की चाक लवकर उचलतं. मग गाडी उंच करून मिळवलं काय? दुसरा उपाय, चासीच्या टोकाला ब्रॅकेट लावून आर्म खाली घेणं. भूमिती उत्तम सुधारते, पण चासीखाली जी उंची कमावली त्यातली थोडी नेमकी दगड घासतात तिथेच जाते.

उरले बदललेल्या कोनाचे आर्म, म्हणजे पुढे कललेला ॲक्सल परत जागेवर आणणारे. दुकानात सगळे पाइपची जाडी आणि पावडर कोटिंग दाखवतात. मी टोकं बघत होतो. एका देखण्या जोडीला बॉलचे स्टीलचे सांधे होते: हालचाल भरपूर, पण आपल्या धुळीत आणि चिखलात ते झिजतात, खडखडतात, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका केबिनमध्ये आणतात. रोजच्या गाडीला नकोच. शेवटी रबरी बुशांचे घेतले, आणि बुशाचं माप कंपनीचंच आहे याची खात्री करून. गावाकडे बुश गेला तर सुटा भाग मिळायला हवा.

बसवताना एकच हट्ट धरला: बोल्ट आधी सैल ठेवायचे, गाडी चारही चाकांवर उतरवायची, मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचं. लटकत्या ॲक्सलवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिकदादा कुरकुरले, पण केलं.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलचं) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल उचललेल्या गाडीच्या बाजूने नाही. आर्म बदलून तो प्रश्न सुटत नाही.

स्टिअरिंग आता हातातून सोडलं की सरळ येतं. ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड अजून कंपनीचाच आहे, त्यामुळे पुढचा ॲक्सल किंचित एका बाजूला सरकलेला आहे. दोन्हीकडे टायर ते फेंडर टेपने मोजलं की कळतं. ॲडजस्टेबल रॉड पावसाळा संपल्यावर बघू.