आलं का?

परवा दुपारी गाडी गंगावेशीतून बाहेर काढतोय तेवढ्यात बायकोनं पाय झटकन वर घेतले. तिला गाडीत बसल्या बसल्या चपला काढायची सवय आहे.

"अहो, इथं पाणी आहे."

"छत्रीचं असेल."

"छत्री मागं आहे."

गाडी कडेला घेऊन मी मॅट दाबून बघितली. पचकन पाणी वर आलं आणि वासही आला, भिजलेलं घोंगडं घडी घालून ठेवल्यावर येतो तसला.

कोल्हापुरात जुलैमध्ये पाणी ही बातमी नसते, पंचगंगेची पातळी ही बातमी असते. चहाचा कप हातात यायच्या आत माणूस विचारतो, राजाराम बंधाऱ्याला किती? ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. त्यात आमच्या गाडीची पातळी अर्धा इंच. २०१९ ला ज्यांच्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या, त्यांच्यापुढं हे रडगाणं कुठं गाणार? गप्प बसलो. मागच्या पावसाळ्यात हेच दुखणं एका गॅरेजात दाखवलं होतं. त्यांनी पुढच्या काचेभोवती काळं सिलिकॉन फासलं, पैसे घेतले, आणि पहिल्याच वळवात गाडी पुन्हा ओली.

या खेपेला उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी पाण्यात बोट बुडवून चोळलं, वास घेतला. "चिकट न्हाई, गोडसर वास न्हाई. म्हंजे कूलंट न्हाई. एसी लावला हुता?"

"आठ दिवस हात लावला नाही."

"मग एसीची नळी बी न्हाई. पावसाचंच हाय." डॅशबोर्ड उघडायला लागला तर दोन दिवस गाडी ठेवा म्हणाले. जाता जाता दाराच्या खालच्या कडेला असलेल्या बारीक फटी दाखवल्या. दारात पाणी शिरणारच म्हणे. काच आणि रबर यांच्या मधून ते आत उतरतं आणि या फटींतून बाहेर पडतं. दाराच्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद तेवढा धड पाहिजे. मला राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आठवले. तिथंही धरण भरलं की दरवाजे आपले आपण उघडतात, कुणी बटण दाबत नाही. गाडी बनवणाऱ्यानं पाणी अडवलेलं नाही, त्याला वाट काढून दिली आहे, हे मला या वयात कळलं.

दोन दिवस गाडी ठेवायची माझी तयारी नव्हती. रविवारी पावसानं उघडीप दिली तशी अंगणातली पाइप ओढली. बायको बॅटरी घेऊन आत, पुढच्या सीटखाली डोकं घालून. मी बाहेर. पाणी खालून वर न्यायचं, एका वेळी एकच जागा, आणि दोन-चार मिनिटं तिथंच धरायचं. एकदम टपावर सोडलं तर सगळंच गळतंय असं वाटतं. आधी दाराचा तळ, मग काचेची कड.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही हो. कंबर मोडली माझी."

हा "आलं का?" माझ्या कानाला फार ओळखीचा. फक्त तेव्हा आत मी असायचो.

मंगळवार पेठेतलं आमचं घर मंगलोरी कौलांचं. बासेल मिशनच्या लोकांनी मंगलोरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्याच घाटाची लाल, खाचेची कौलं. मृगाच्या आधी अण्णा धोतराचा काचा मारून वर चढायचे. मी खाली, हातात जळमटं काढायची लांब काठी. माळ्याच्या काळोखात उजेडाचा ठिपका दिसला की रिपांच्या मधून काठीनं कौल हलकं उचलायचं, म्हणजे वरून अण्णांना कळायचं.

"दिसलं काय रं?"

"डावीकडं!"

"तुझ्या का माझ्या?"

यावर दरवर्षी भांडण. पुढं पाऊस लागला की आणखी गंमत. ठिबकायचं देवघरात आणि फुटलेलं कौल असायचं स्वयंपाकघरावर. वाशाला धरून पाणी पार चार हात चालत यायचं.

एका मे महिन्यात रबरी चेंडू आणायला मी वर चढलो आणि पाय पडला तिथं दोन कौलं कडकन गेली. चेंडू घेतला, उतरलो. पुढच्या आठवड्यात अण्णा वर, मी खाली काठी घेऊन. दोन ठिपके मला स्वच्छ दिसत होते. पण वर पायाचा ठसा असेल, अण्णांना कळेल, या भीतीनं मी काठी भलत्याच कौलाला लावली. अण्णांनी ते चांगलं कौल काढून नवं बसवलं. तो अख्खा पावसाळा आई रात्री दोनदा उठून पातेलं रिकामं करायची. अण्णा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात आणखी दोनदा चढले, आणि शेवटी बोक्याला शिव्या घातल्या. मीपण घातल्या.

"आलं! आलं! बंद करा!"

वायपरखालच्या जाळीवर पाणी धरलं होतं. डाव्या अंगाला, मिस्त्री लोक ज्याला कंडक्टर साइड म्हणतात तिकडं, ब्लोअरच्या खालून धार लागली होती. जाळी उचकटून बघितलं तर आतल्या पन्हाळीत गुलमोहराची पानं. तीळ-जिऱ्याएवढी ती पानं, त्यांत तपकिरी पडलेल्या पाकळ्या, सगळ्याचा मऊ काळा चिखल होऊन पाणी जायच्या भोकात बूच बसलेलं. पन्हाळ भरली की पाणी हवा घ्यायच्या तोंडातून सरळ आत. जुन्या छत्रीची काडी घातली. थोडा वेळ काहीच नाही, मग गुडगुड झालं आणि चाकामागून काळं पाणी भळाभळा पडलं. इतका आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता.

आता कार्पेट उचलून त्याच्याखालचा फोम वाळवायचा, खाली रोज कोरडे पेपर घालायचे, ते भिजले की बदलायचे. चार दिवस चालेल हे. पेपरांवरही धरणांचीच आकडेवारी.

बायको कंबर धरून बाहेर आली. चिखलाचा गोळा बघून म्हणाली, "एवढा पाला आत गेला कसा?"

गल्लीच्या तोंडाला एकच गुलमोहर आहे. त्याच्या सावलीतली जागा जाऊ नये म्हणून उन्हाळ्यात मी गाडी हलवत नाही, दूध आणायला चालत जातो. हे तिला माहीत आहे. पण दोन आणि दोन तिनं अजून मांडलेले नाहीत.

"वारा किती होता परवा," मी म्हणालो.

संध्याकाळी गाडी लावायला गेलो तर गुलमोहराखालची जागा रिकामी होती.