टॅलीचा बॅकअप, रिस्टोअर आणि सीएकडून परत आलेला पेन ड्राइव्ह

वागळे इस्टेटच्या गाळ्यात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, नौपाड्यात सीए, आणि दोघांमध्ये हेलपाटे घालणारा पेन ड्राइव्ह. ठाण्यातल्या कितीतरी छोट्या कारखान्यांचे हिशेब असेच चालतात. या व्यवस्थेत डेटा उडतो तो बहुतेक वेळा रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत टॅलीत घालताना, आणि तेही घाईत एन्टर दाबल्यामुळे.

समजा, १० सप्टेंबरला सीएंना बॅकअप दिला. त्यांनी घसारा, तरतुदी वगैरेंच्या जर्नल नोंदी टाकल्या आणि २५ तारखेला पेन ड्राइव्ह परत केला. मधल्या पंधरा दिवसांत गाळ्यात विक्रीची बिलं, बँकेच्या नोंदी सुरूच होत्या. आता तो बॅकअप चालू डेटाच्या फोल्डरमध्येच रिस्टोअर केला, तर ते पंधरा दिवस पुसले जातात. टॅली प्रत्येक कंपनीचा डेटा १०००० अशा क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवते. रिस्टोअर म्हणजे तो अख्खा फोल्डर जुन्याने बदलणं. नोंदी एकमेकींत मिसळण्याचं काम रिस्टोअर करत नाही. ओव्हरराइट करू का, म्हणजे आधीच्या डेटावर हा लिहू का, असं टॅली विचारते. हो म्हटल्यावर परतीचा रस्ता नाही.

म्हणून नियम एकच पाळा: रिस्टोअर कायम नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये. डी ड्राइव्हवर तारखेच्या नावाचा फोल्डर करा. टॅली प्राइममध्ये ऑल्ट + वाय दाबून रिस्टोअर निवडा आणि ‘कुठून’ व ‘कुठे’ हे दोन्ही पाथ, म्हणजे फोल्डरचे पत्ते, मोठ्याने वाचा. मग कंपनी निवडताना पाथ बदलून ती प्रत उघडा. सीएंच्या नोंदी चालू डेटात हव्या असतील तर त्यांच्याकडून पूर्ण बॅकअप मागूच नका. फक्त त्या जर्नल नोंदी आणि त्यांना लागणारे मास्टर्स (लेजर वगैरे खाती) एक्सएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून मागा. आपल्याकडे आधी ताजा बॅकअप घ्या, मग ऑल्ट + ओ ने इम्पोर्ट करा: पहिल्यांदा मास्टर्स, नंतर व्यवहार. सीएंनी नवीन लेजर उघडलं असेल आणि ते आपल्याकडे नसेल, तर नोंद अडकते. दहा-बारा नोंदी असतील तर मात्र कागदावर मागवून हाताने टाकलेल्या बऱ्या.

बॅकअप घेणं त्या मानाने सोपं आहे. नेटवर्कवरच्या सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढा, ऑल्ट + वाय, बॅकअप, कंपनी निवडा, पाथ द्या. पाथ रोज वेगळा हवा. टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ आवृत्तीत बॅकअपच्या फाइलचं नाव टीबीके९००.००१ असंच राहायचं, त्यामुळे त्याच फोल्डरमध्ये घेतलेला आजचा बॅकअप कालच्यावर बसायचा. डेटा काल बिघडलेला असेल तर आजच्या बॅकअपमध्येही तो बिघाडच येतो. सात दिवसांचे सात फोल्डर आणि महिनाअखेरचा वेगळा, एवढं तरी ठेवाच. चालू डेटाचा फोल्डर थेट वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. टॅली लिहीत असताना सिंक फाइल पकडतो आणि डेटा करप्ट होतो. क्लाउडवर जावी ती बॅकअपची बंद फाइल.

बॅकअप खरा की नाही हे दुसऱ्या संगणकावर उघडल्यावरच कळतं. महिन्यातून एकदा तिथे रिस्टोअर करून स्टॅटिस्टिक्स रिपोर्ट काढा. त्यात व्हाउचरची प्रकारवार संख्या मिळते. दोन्हीकडची संख्या, तेरीजपत्रकाची (ट्रायल बॅलन्सची) बेरीज आणि डे बुकमधली शेवटची तारीख जुळली की झालं. वीस मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या संगणकावर टॅलीचं रिलीज जुनं असेल तर नव्याचा बॅकअप तिथे उघडणार नाही, म्हणून एफ१ मधल्या अबाउटवर रिलीज पाहून ते फोल्डरच्या नावात लिहा. बिलावरचा लोगो, टॅलीत हवे ते बदल करण्यासाठी खास बनवून घेतलेल्या टीडीएल फाइली आणि लायसन्स या बॅकअपमध्ये येत नाहीत. लोगो आणि टीडीएल वेगळे कॉपी करा. मशीन बदलायचं असेल तर जुन्यावरून लायसन्स आधी सरेंडर करा.

ठेवायचं कुठे? तुर्भ्याच्या मार्केटात किंवा वागळेत गाळा तळमजल्यावर असेल तर सीपीयू आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलाखाली नको. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको. डिस्क कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) मूळ डेटाबरोबर तीही कुलूपबंद करतं. बॅकअप झाला की ती काढा आणि घरी न्या.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हा कायद्याचाही भाग आहे. कंपनी लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला. आता इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा. कंपन्यांना वह्या आठ आर्थिक वर्षं जपाव्या लागतात. जीएसटीच्या नोंदी मालकीच्या दुकानालाही वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात.

टॅलीव्हॉल्ट, म्हणजे डेटाला पासवर्डचं कुलूप घालणारी टॅलीची सोय, लावलं असेल तर त्याचा पासवर्ड विसरला की बॅकअप असूनही डेटा उघडत नाही. तो कागदावर लिहून बंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत ठेवा, आणि पासवर्ड बदलला की त्याच दिवशी पाकीटही बदला. जुन्या बॅकअपना जुनाच पासवर्ड लागतो, म्हणून जुनं पाकीट फाडू नका, त्यावर तारीख घाला.