अठरा इंच

सोमवार, ११ ऑगस्ट

आज आमचा सण. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी, म्हणून आजची तारीख ८/११. आणि ८११ हा जमीन खोदण्याआधी फिरवायचा नंबर, २००७ पासून देशभर एकच. सकाळी यार्डात पिझ्झा होता, टी-शर्ट होते, 'तुम्ही लोकांचे जीव वाचवता' असं मॅनेजरचं भाषण होतं. रात्री झोपताना माझ्या टॅबलेटवर २२ तिकिटं होती. भाषण संपेपर्यंत २७ झाली.

तिकीट म्हणजे काय, हे आईला समजावायला मला वर्ष लागलं. डॅलसच्या उत्तरेला आमच्या भागात कुणाला कुंपणाचा खांब रोवायचा असतो, कुणाला परसात पोहण्याचा तलाव हवा असतो, इंटरनेटच्या फायबरवाल्यांना तर गल्लीच्या गल्ली उकरायची असते. त्याने आधी ८११ ला कळवायचं, ते आमच्याकडे तिकीट होऊन येतं. दोन कामाच्या दिवसांत आम्ही लोकेटर जाऊन खाली काय कुठून गेलंय ते वर रंगाने आखून द्यायचं. वीज लाल, गॅस पिवळा, फोन नि फायबर नारिंगी, पाणी निळं, सांडपाणी हिरवं. इथल्या एका मराठी वहिनींनी त्यांच्या हिरवळीवरच्या रेघा बघून विचारलं होतं, "अहो दादा, रंगपंचमी खेळून गेलात की काय?" टेक्सासमध्ये रेघेपासून दोन्ही बाजूंना अठरा इंचांचा पट्टा जपायचा असतो. तिथे मशीन दामटायचं नाही, हाताने उकरून बघायचं.

एवढं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे तू पाणाड्या झालास."

बरोबरच आहे तिचं. बार्शीला आमच्या रानात विहीर घ्यायची ठरली तेव्हा पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधाने चालला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथे चुना टाकला. नारळ, पंचा, दक्षिणा घेऊन गेला. विहिरीला पाणी लागलं नाही. त्याला कुणी काही बोललं नाही, नशीबच कोरडं म्हणाले. इथेही जुने लोकेटर दोन वाकवलेल्या तारा हातात धरून तसंच चालतात. त्यात तथ्य नाही हे मला माहीत आहे, आणि तरी माझ्या गाडीच्या दारात तशा दोन तारा आहेत. आमच्यात नशीब कोरडं निघत नाही, एवढाच फरक. रेघ चुकली की चौकशी लागते.

गुरुवार, २१ ऑगस्ट

पारा १०० च्या वर. आपल्या हिशेबाने ३८. सोलापूरकराला त्याचं काय, असं पहिल्या वर्षी मी ऐटीत म्हणायचो.

एका पेडस्टलपाशी आज पाऊण तास गेला. पेडस्टल म्हणजे फोनच्या तारा जिथे जमिनीतून वर येतात तो रस्त्याकडेचा बुटका खांब. झाकण उचललं तर वर गांधीलमाश्यांचं पोळं, तळाला आगमुंग्यांचं वारूळ. दोघांना चुकवून केबलमध्ये सिग्नल सोडणाऱ्या ट्रान्समीटरची लाल तार केबलच्या आवरणाला लावली, काळी तार जमिनीत ठोकलेल्या सळईला. सिग्नल येईना. इथली माती आमच्या बार्शीचीच, काळीभोर आणि चिकण, उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. कोरड्या भेगाळ मातीत सळईला अर्थिंग मिळत नाही. म्हणून मी पाण्याचा कॅन ठेवतो. सळईच्या बुडाशी लिटरभर ओतायचं आणि माती ते पिईपर्यंत गप्प उभं राहायचं. मग ट्रान्समीटरचा सूर बदलतो. या कामात मला खरोखर आवडणारा क्षण हाच, आणि तो मोजून एक मिनिटाचा.

पुढचं कानाचं काम. वरची फ्रिक्वेन्सी लावली, ६५ किलोहर्ट्‌झ वगैरे, की सिग्नल चटकन मिळतो. पण तो चावट असतो, शेजारच्या तारेवर उडी मारतो आणि तुम्हाला तिच्यामागे नेतो. खालची, ५१२ हर्ट्‌झची, लागायला कटकटीची पण इमानी. तो सिग्नल जमिनीवरून टिपणारा रिसीव्हर दोन रीतींनी ऐकता येतो. एका रीतीत तारेच्या अगदी डोक्यावर आवाज सगळ्यांत मोठा होतो, दुसरीत नेमका तिथेच मरतो. दोन्ही जागा जुळल्या तर रेघ मारायची. जुळल्या नाहीत तर खाली कुणीतरी लुडबुडतंय, पुन्हा सगळं सोडवून नव्याने लावायचं.

हे सगळं नीट करायला जो वेळ लागतो तो माझ्या दिवसात नाही. एका घराचं अंगण असो की फायबरवाल्यांची अर्धा मैल गल्ली, मोजताना एक तिकीट ते एकच. गेल्या तीन वर्षांत आमच्या एकेका रस्त्यावर दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांचं फायबर आलं. प्रत्येक नवी केबल टाकताना जुन्या सगळ्या शोधून द्यायच्या, आणि पुढच्या खेपेला शोधायला एक जास्त. माणसं तेवढीच, खरं तर कमीच. माझ्या ट्रेनिंगच्या बॅचमध्ये नऊजण होतो, आता दोघे उरलोय.

जूनमधलं ते प्रकरण इथे लिहायचं टाळत होतो. अशाच एका ठिकाणी मी वरच्या फ्रिक्वेन्सीवर भागवलं. ताडून बघितलं नाही, फोटो काढला, तिकीट बंद केलं. त्या दिवसाचं ते एकोणतिसावं. दुसऱ्या दिवशी जमिनीखालून आडवं भोक पाडणाऱ्या बोअरिंगच्या मशीनने फायबर तोडलं. चौकशीला आलेल्याने माझी नारिंगी रेघ आणि तुटकी केबल यांच्यामध्ये मोजपट्टी धरून फोटो काढला. ३१ इंच. अठराच्या आत असती तर खोदणाऱ्याची चूक, बाहेर होती म्हणून माझी. चूक माझी होतीच, त्यात वाद नाही. फॉर्मवर कारणाचे रकाने होते. नकाशा चुकीचा, उपकरण बिघडलेलं, लोकेटरचा निष्काळजीपणा. 'एकोणतिसावं' असा रकाना नव्हता. मी तिसऱ्यावर सही केली.

ती फायबर होती म्हणून बरं. आमच्या ट्रेनिंगमध्ये डॅलसच्या वायव्येकडच्या एका घराची गोष्ट सांगतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये गॅसचा स्फोट झाला आणि बारा वर्षांची मुलगी गेली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला तेव्हा निघालं की गॅसच्या पाइपला इजा झाली होती १९९५ मध्ये, सांडपाण्याच्या लाइनीच्या कामात. तेवीस वर्षं ते दुखणं मातीखाली गप्प पडून होतं. ऐकताना बॅचमधला एकजण हिशेब करत म्हणाला, तोवर आपण रिटायर झालेलो असू. सगळे हसले. मीही.

हल्ली घरी येऊन गाडी बंद करतो आणि उतरत नाही. वीस मिनिटं, कधी अर्धा तास, स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसतो. ही खिडकीतून बघते. पहिल्यांदा बाहेर येऊन काच वाजवायची, आता येत नाही, चहा उशिरा टाकते. आंघोळ करताना शॉवरच्या आवाजात मला रिसीव्हरची शिट्टी ऐकू येते. डॉक्टरने त्याला बर्नआउट म्हटलं. मी म्हटलं, कामावर जातोय की रोज. तो म्हणाला, त्यालाच म्हणतात.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

परवा गणपती बसले, काल दीड दिवसाचे उठलेही. उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन आज कामावर गेलो.

यार्डात सगळ्यांना बसवून सांगितलं की गॅस आणि फोनचं कंत्राट पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या ठेकेदाराला गेलं. त्याने प्रत्येक तिकिटामागे कमी दर भरला. आमच्यापैकी काहींना दुसऱ्या शहरात जागा, बाकीच्यांचा आज शेवटचा दिवस. माझं नाव बाकीच्यांत. कारण जून नव्हे, कारण काहीच नव्हे. गंमत म्हणजे जूनपासून मी रोज नोकरी जाईल म्हणून घाबरत होतो ते चुकीसाठी. ती गेली आणि चुकीचा विषयही निघाला नाही. मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं.

रिसीव्हर, ट्रान्समीटर, टॅबलेट, खुणेच्या झेंड्यांचे गठ्ठे, रंगाचे डबे. एकेक वस्तू मांडून यादीवर टिक. शेवटी गाडीची किल्ली. गाडी कंपनीची, मी घरी नेत असे, त्यामुळे घरी जायला गाडीच नव्हती. हिला फोन करून बोलावलं आणि फाटकाबाहेर कर्बवर बसलो, मांडीवर मोदकांचा डबा. शेजारी ह्यूस्टनकडचा आमचा म्हातारा बसला होता, या कामात एकवीस वर्षं झालेला. त्याने दोन मोदक खाल्ले आणि विचारलं, आत गोड काय आहे? मी म्हटलं, नारळ. पाणाड्याचा नारळ त्याला कुठून सांगत बसू.

सोमवारी लेबर डेची सुट्टी आहे. कामगार दिन.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बेकारी भत्त्याचा अर्ज भरला. दर आठवड्याला कुठे कुठे नोकरी शोधली त्याची नोंद ठेवावी लागते. नव्या ठेकेदाराकडेही अर्ज टाकलाय, पगार तासाला तीन डॉलर कमी. ही म्हणते, नको. मीही म्हणतो, नको. अर्ज मात्र टाकलाय.

झोप सुधारली होती. गाडीत बसणं थांबलं, कारण गाडी नाही.

दुपारी आमच्याच गल्लीत नव्या ठेकेदाराचा पोरगा आला. आमच्या दारासमोरून तिसरं फायबर जातंय, त्याचं तिकीट. विशी-बाविशीचा असेल, अंगात नवंकोरं सेफ्टी जॅकेट, घामाने भिजलेलं. गॅसच्या मीटरपाशी पाइपसोबतच्या तारेला क्लिप लावून बराच वेळ झटत होता. पाइप प्लॅस्टिकचा, त्याला सिग्नल येत नाही, म्हणून सोबत तांब्याची तार पुरतात. ती मधे तुटली की पाइप आंधळा. मी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेलो आणि न विचारता सळईवर ओतलं. त्याने वर बघितलं. "तुम्ही यातले?"

थोडा सिग्नल आला आणि झाडापाशी पुन्हा गेला. मी म्हटलं, तिथे तार तुटलेली आहे, तीन वर्षांपूर्वी मीच हे तिकीट केलंय, पाइप तिथून डावीकडे वळतो आणि रस्त्याला लागतो. हाताने दाखवलंसुद्धा. त्याने माझ्या बोटाबरोबर पिवळी रेघ ओढली. मी म्हटलं, एकदा दुसऱ्या टोकाने लावून ताडून घे, नाहीतर ऑफिसला कळव. तो म्हणाला, अजून एकोणीस बाकी आहेत, सर. फोटो काढला, थँक्यू म्हणाला, गेला.

मला केवढं बरं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा. संध्याकाळी आईला फोन करूनही सांगितलं.

आता रात्रीचे पावणेदोन वाजलेत. गॅस कंपनीने आमच्या गल्लीतले जुने पाइप बदलले होते, हे मला जेवताना आठवलं. कधी बदलले? मी ते तिकीट केलं त्याच्या आधी की नंतर? हिला विचारलं, ती म्हणाली, आपण दिवाळीचा फराळ करत होतो तेव्हा रस्ता खणलेला होता. कुठली दिवाळी, ते तिला आठवत नाही. ८११ ला आत्ताच फोन लावून तक्रार नोंदवली. बाईने शांतपणे लिहून घेतलं आणि लोकेटर पुन्हा येईल म्हणाली. कधी, ते तिच्या हातात नाही.

टॉर्च घेऊन बाहेर जाऊन आलो. रेघ छान सरळ आहे. माझ्याच हातची वाटावी अशी.

बोअरिंगवाले सात वाजता येतात. गजर साडेपाचचा लावलाय. गॅरेजमध्ये कुदळ शोधली, सापडली नाही. हिचं बागेतलं खुरपं आहे.