इमोजी काढू नका, त्यांची चित्रं कमी करा

‘वेबसाइटवरचे इमोजी काढून टाकले तर पान पटकन उघडेल का?’ नाशिकमध्ये मी ज्यांच्या साइट बनवते ते द्राक्षबागायतदार, होमस्टेवाले, मिठाईवाले सगळेच कधी ना कधी हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

काढू नका. इमोजी हे मुळात अक्षरच आहे. २०१० साली युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, ६.० आवृत्तीत शेकडो इमोजींना आपापले क्रमांक मिळाले. तेव्हापासून ‘क’ किंवा ‘ळ’ पाठवतो तसाच इमोजीही पाठवता येतो. द्राक्षांचा इमोजी ४ बाइटचा आहे, तर देवनागरीत ‘द्राक्ष’ लिहायला २१ बाइट लागतात! त्याचं चित्र काढतो तो वाचणाऱ्याच्या फोनमधला फॉन्ट.

पान जड होतं ते त्या अक्षराच्या जागी आपण चित्राची फाइल बसवली की. सगळीकडे एकसारखं दिसावं म्हणून बरेच जण तसं करतात, किंवा कित्येक एमबींचा रंगीत इमोजी फॉन्ट अख्खा जोडून देतात. हा हट्ट मला अजिबात पटत नाही. सुरगाण्याच्या डोंगरात जेमतेम रेंजवर कोणी भाव बघत असेल, तर जे चित्र त्याच्या फोनमध्ये आहेच ते त्याला पुन्हा का उतरवायला लावायचं?

म्हणून आधी ब्राउझरची परीक्षा घ्यायची, की त्याला इमोजी दाखवता येतो का. न दिसणाऱ्या कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या फलकावर, इमोजी रेखाटून बघायचा. जोड-इमोजींची गंमत वेगळीच आहे. चौघांचं कुटुंब म्हणजे चार इमोजी आणि त्यांना सांधणारी तीन अदृश्य अक्षरं. तिरंगा म्हणजे ‘आय’ आणि ‘एन’ या दोन खुणांची जोडी. विंडोजच्या फॉन्टमध्ये देशांचे झेंडेच नाहीत, त्यामुळे तिथे क्रोममध्ये तिरंग्याच्या जागी नुसती अक्षरं दिसतात. अशी जोडी एकदा सलग आणि एकदा मुद्दाम तोडून रेखाटायची. दोन्ही वेळा सारखंच दिसलं, तर समजायचं की या यंत्राला ती जोडता येत नाही. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर २०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून अशी परीक्षा घेतं आणि गरज पडली तरच चित्रांची व्यवस्था मागवतं.

मी त्यापुढे जाऊन जेवढे इमोजी दिसत नाहीत तेवढ्यांचीच चित्रं देते, तीही ‘लेझी’ खूण लावून, म्हणजे वाचणारा त्या ओळीजवळ पोचेपर्यंत ती उतरत नाहीत. रुंदी-उंची आधीच लिहून ठेवायची, नाहीतर चित्र आल्यावर ओळी उड्या मारतात. इमोजी निवडायची पेटी असेल तर तिच्यातलं काहीही ती उघडल्याशिवाय मागवायचं नाही; आज इमोजींची संख्या ३,७०० च्या वर गेली आहे. आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात मूळ इमोजी ठेवायचाच, म्हणजे चित्र आलं नाही तरी मजकूर कॉपी करता येतो आणि दृष्टिहीनांचं वाचकयंत्र तो वाचून दाखवतं.