‘सुकारेलावान’ची घडण

इंडोनेशियन भाषेत स्वयंसेवकाला ‘सुकारेलावान’ म्हणतात. संस्कृतातून तिकडे किती शब्द गेले याची यादी देऊन थांबण्याची आपल्याकडे रीत आहे; मला मात्र त्या भाषेने स्वतः केलेली जुळणी अधिक मोलाची वाटते आणि तिचा हा शब्द उत्तम नमुना आहे.

त्यातले ‘सुका’ म्हणजे आपले ‘सुख’. तिथे त्याचा मुख्य अर्थ ‘आवडणे’ असा झाला, तरी ‘सुका-दुका’ या जोडीत मूळ अर्थ टिकून आहे. ‘रेला’, म्हणजे मनापासून राजी, हे अरबी ‘रिदा’चे रूप. त्यातला ‘द’ हा अरबीचा खास जड उच्चार आहे. फारसीत त्याचा ‘झ’ झाला आणि त्याच वाटेने मराठीला ‘रजा’ मिळाली, तर इंडोनेशियन ज्या मलय भाषेतून घडली, ती बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा ‘ल’ झाला. अरबी ‘फर्द’ हिंदी-उर्दूत ‘फर्ज’ झाला आणि तिकडे ‘पर्लु’, म्हणजे ‘गरजेचे’, तोही असाच.

शेवटचा ‘वान’ हा ‘धनवान’, ‘रूपवान’ यांतलाच प्रत्यय. संस्कृतात सर्वसाधारणपणे अकारान्त शब्दापुढे ‘वान’ आणि इकार-उकारापुढे ‘मान’ येतो. इंडोनेशियनमधले ‘बुदिमान’ आणि कलावंत या अर्थाचा ‘सेनिमान’ या नियमात बसतात; पण अरबी ‘इल्म’च्या (ज्ञान) ‘इल्मु’ या उकारान्त रूपापासून केलेला ‘इल्मुवान’, म्हणजे वैज्ञानिक, हा नियम खुशाल मोडतो. प्रत्यय परका राहिला नाही, याचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही. ‘दर्मावान’ म्हणजे धार्मिक नव्हे, तर दानशूर; भिक्षेकऱ्याला ‘धर्म करणे’ हा आपला वाक्प्रयोग माहीत असलेल्या वाचकाला तो अर्थ सहज उमगेल.

‘सुकारेला’, म्हणजे स्वेच्छेने, हा शब्द 1943 मध्ये जपानी अमलाखाली जावात उभारलेल्या ‘पेटा’ सेनेच्या पूर्ण नावात आहे. 1964 मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी मलेशियाविरुद्धच्या संघर्षासाठी स्वयंसेवकांना हाक दिली, तेव्हा पुरुष ‘सुकारेलावान’ झाले आणि स्त्रिया ‘सुकारेलावाती’. आपला ‘वती’ प्रत्ययही असा कामाला लागला. पुढे ‘सुका’ गळून ‘रेलावान’ हे सुटसुटीत रूप रुळले. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात मदतीला धावलेले लोक रेलावान होते, तसेच 2014 च्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रचाराला उतरलेले हौशी कार्यकर्तेही. या रूपाला दोन्ही बाजूंनी ‘के’ आणि ‘आन’ ही अस्सल मलय जोडी लावली की ‘केरेलावानान’, म्हणजे स्वयंसेवावृत्ती, हे भाववाचक नाम तयार होते.